सीपॅप मशीन घेऊन क्रूझला कोणी गेलंय का? (नागपूरहून मुंबई, तिथून लक्षद्वीप)

खामल्याची_ताई:

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांबलचक लिहून राहिली आहे पण ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनी पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती.

माझ्या मिस्टरांना दीड वर्षापासून सीपॅप मशीन लागते, म्हणजे झोपेत मास्क आणि नळीतून हवा ढकलून घसा उघडा ठेवणारी मशीन. घोरणं तर लग्नापासूनचंच, आम्ही सगळे म्हणायचो दमून येतात म्हणून घोरतात. पण एका रात्री मला जाग आली ती घोरणं थांबलं म्हणून. एकदम शांत. मी उठून बसली आणि मोजायला लागली, अठरा, एकोणीस, वीस, आणि मग ते असे धडपडून श्वास घेतात की जसं कोणी पाण्यातून वर आलं. मग पुन्हा घोरणं, पुन्हा शांत. त्या रात्री मी झोपलीच नाही. धंतोलीला डॉक्टरांना दाखवलं, रात्रभराची स्लीप टेस्ट केली, त्यात तासाला ४२ वेळा श्वास अडकतो असं निघालं. डॉक्टर म्हणाले ३० च्या वर म्हणजे सीव्हिअर. मशीन सुरू झाली आणि पंधरा दिवसांत माणूस बदलला हो, सकाळचं डोकं दुखणं गेलं, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकायचे ते बंद झालं.

आता लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पोरीनं आणि जावयानं पाच रात्रींची क्रूझ बुक करून दिली आहे, मुंबई ते लक्षद्वीप आणि परत. ते दोघंही सोबत आहेत, बाजूच्याच केबिनमध्ये. आणि हे म्हणून राहिले की मी मशीन नेणार नाही, पाच दिवसांचं काय, जावयासमोर तोंडावर नळी लावून कुठं झोपू.

मला विचारायचं आहे ते असं. बोटीवर प्लग आपल्यासारखेच असतात का? एक्स्टेंशन बोर्ड नेऊ देत नाहीत असं जावई म्हणतो, मग बेडपासून प्लग लांब असला तर काय करायचं? हवा ओली करायला मशीनच्या टाकीत पाणी लागते ते कुठलं टाकायचं, आपण इथं डिस्टिल्ड वॉटर टाकतो. विदर्भ एक्स्प्रेसनं जायचं म्हणतात हे, मग गाडीतल्या रात्रीचं काय? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे बोट लागून उलटी झाली आणि तोंडावर मास्क असला तर? खरं सांगायचं तर मला ती क्रूझच नको वाटून राहिली आहे, पण पोरीनं इतक्या हौसेनं केलं आहे की तिला म्हणवत नाही.


मनीषनगर_६१:

ताई, क्रूझ अजिबात कॅन्सल करू नका. मी स्वतः सहा वर्षांपासून सीपॅप वापरतो आणि दोन वर्षांआधी सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली, मशीनसकट. एकही रात्र चुकवली नाही.

पहिलं काम आजच करा. ज्यांनी बुकिंग केलं त्यांच्याकडून क्रूझवाल्यांना मेल टाकायला लावा की केबिन नंबर अमुक, प्रवाशाला झोपेत श्वासाची मशीन लागते, बेडजवळ प्लग पाहिजे, नसेल तर तुमची एक्स्टेंशन वायर पाहिजे आणि डिस्टिल्ड वॉटर पाहिजे. मोठ्या क्रूझ कंपन्यांमध्ये अशा मेडिकल गरजांसाठी वेगळा फॉर्मच असतो. फोनवर कोणी हो हो म्हटलं तर त्यावर विसंबू नका, लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रिंट मशीनच्या बॅगेत ठेवा.

मी मेल केला नव्हता आणि बर्डीच्या बाजारातून चांगला महागाचा स्पाइक गार्डवाला एक्स्टेंशन बोर्ड घेऊन गेलो होतो. चढताना बॅगा स्कॅन होतात तिथं तो काढून घेतला, पावती दिली, उतरताना परत मिळाला. केबिनमध्ये जाऊन पाहतो तर प्लग आरशाच्या टेबलापाशी आणि बेड तिथून आठ-नऊ फुटांवर. छातीत धस्स झालं. पण केबिनचा जो पोरगा असतो त्याला मशीन दाखवली, तर त्यानं काही एक प्रश्न न विचारता दहा मिनिटांत त्यांच्या स्टोअरमधली वायर आणून लावून दिली. त्याला हे नवीन नव्हतं, म्हणाला प्रत्येक फेरीत असे प्रवासी असतातच. भाऊंना हे नक्की सांगा.

दुसरं म्हणजे मोठ्या बॅगा टर्मिनलवरच तुमच्याकडून घेतात आणि केबिनपर्यंत पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. मशीन त्या बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची. विमानातही तेच, चेक-इनला द्यायची नाही. टाकीतलं पाणी आधी पूर्ण काढून, पुसून, कोरडी करून बॅगेत, नाहीतर पाणी मशीनमध्ये उतरलं की ती गेलीच समजा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आपल्या नागपूरला मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ह्युमिडिफायर (मशीनमधला हवा ओली करणारा भाग) पूर्ण वर ठेवला तरी सकाळी घसा सुकलेला. मी त्याच सवयीनं बोटीवरही ५ वर ठेवला. समुद्रावरची दमट हवा, त्यात केबिनचा एसी कडक थंड. रात्री अडीचला नाकात थंड पाणी आलं आणि नळीत गुडगुड गुडगुड आवाज. घाबरून मास्क फेकला. झालं काय होतं की मशीनमधून निघणारी गरम ओली हवा थंड नळीत येऊन तिचं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी ह्युमिडिफायर १ वर आणला, मशीन उशीच्या लेव्हलपेक्षा खाली ठेवली, एसी थोडा कमी केला, मग काही त्रास नाही.


वर्धा_रोड_वाला:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका ताई. पाच रात्रीत का होते? माणूस आयुष्यभर बिना मशीनचा झोपलाच ना. इतकं सगळं लटांबर घेऊन फिरायचं, वायर मागायची, पाणी मागायचं, त्यापेक्षा त्यांना मोकळं फिरू द्या. सुट्टी आहे, हॉस्पिटल नाही.


रामदासपेठ_मुलगी:

वर्धा रोडवाले दादा, तुम्ही चांगल्या मनानंच म्हटलं असेल पण मला हे वाचून राहवलं नाही. माझ्या बाबांनी नेमकं हेच केलं होतं. संभाजीनगरला मावसभावाचं लग्न, तीन रात्री, मशीन घरी ठेवली कारण लग्नघरात गादीवर दहा जणांत झोपायचं होतं आणि त्यांना लाज वाटली. पहिल्याच रात्री घोरणं परत आलं. दुसऱ्या दिवशी चिडचिड, तिसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत डोळे मिटत होते. चौथ्या दिवशी आम्ही समृद्धीनं परत निघालो, बाबा गाडी चालवत होते, आई बाजूला, मी मागे. सरळ रिकामा रस्ता. मला एवढंच आठवतं की गाडी हळूहळू डावीकडे जायला लागली आणि आईनं ओरडून स्टिअरिंग पकडलं. बाबांचे डोळे उघडे होते का बंद हे आम्हाला आजही कळलं नाही. त्यांना स्वतःला काहीच आठवत नाही.

मशीन हा आजार बरा करत नाही ना, ती लावलेली असते तेवढा वेळच घसा उघडा ठेवते. चष्मा काढला की दिसणं जसं पहिल्यासारखं होतं तसंच आहे हे. काका बोटीवर गाडी चालवणार नाहीत हे मान्य, पण तीव्र अ‍ॅप्नियामध्ये, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या या आजारात, रात्रभर ऑक्सिजन वरखाली होतो, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो. आणि समुद्राच्या मधोमध काही झालं तर बोटीवरच्या दवाखान्यातून आपलं धंतोली किती लांब असेल याचा विचार करा. ताई, मशीन न्याच.


निवृत्त_जहाजी:

वहिनी, मी मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून २२ वर्षं काढली, आता त्रिमूर्तीनगरात घरी असतो. प्लगबद्दल मी नीट सांगतो कारण बोर्ड काढून घेतात म्हणून लोकांना राग येतो आणि कारण कोणी सांगत नाही.

घरी आपल्याकडे एक फेज आणि एक न्यूट्रल, आणि न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. जहाजावर बहुतेक ठिकाणी तसं नसतं. तिथं दोन्ही वायरी जहाजाच्या लोखंडापासून वेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे दोन्ही वायरी जिवंत. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण समुद्रात एखादी वायर कुठं लोखंडाला चिकटली तर लगेच फ्यूज उडून पंप किंवा स्टिअरिंग बंद पडायला नको, आधी अलार्म वाजतो आणि आम्ही फॉल्ट शोधतो. आता तुमच्या स्पाइक गार्डमध्ये आत जे छोटे भाग असतात ते वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये जोडलेले असतात. जहाजात दुसरीकडे कुठं फॉल्ट आला की त्यांच्यावर नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज येतं, ते तापतात आणि पेट घेऊ शकतात. शिवाय त्याचा कटआउट बहुतेक वेळा एकच वायर तोडतो, दुसरी जिवंतच राहते. अमेरिकन कोस्ट गार्डनं २०१३ साली यावर सेफ्टी अलर्ट काढला होता. जहाजावर आग म्हणजे काय ते आम्हाला विचारा, तिथं पळायला रस्ता नसतो. म्हणून बोर्ड नेऊच नका, त्यांचीच वायर मागा, ती त्यांनी तपासलेली असते.

मशीनचं म्हणाल तर अडॅप्टरच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असलं तर कुठल्याही जहाजावर चालेल. आपल्या घरी ५० हर्ट्झ, जहाजावर साधारण ६० असते, त्यानं अशा अडॅप्टरला फरक पडत नाही. फक्त २३० लिहिलेलं असलं तर मात्र आधी केबिनचं व्होल्टेज विचारून घ्या. प्लग आपल्यासारखे तीन गोल पिनांचे असतीलच असं नाही, बरेचदा एक दोन चपट्या पिनांचा ११० व्होल्टचा आणि एक दोन गोल पिनांचा २२० चा असतो. साधा कन्व्हर्टर प्लग घ्या. त्यावर सर्ज किंवा स्पाइक असं काही लिहिलेलं नको.

अजून एक. काही केबिनमध्ये दाराजवळच्या खाचेत कार्ड टाकल्याशिवाय वीज येत नाही. रात्री कोणी बाहेर जाताना कार्ड काढून नेलं तर प्लगही बंद पडू शकतो. पहिल्या दिवशीच तपासून पाहा. आणि मशीन टेबलाच्या कडेला ठेवू नका, जहाज डुललं की घसरते. खाली रबरी मॅट अंथरा, टाकी वरच्या रेघेपर्यंत भरू नका.


स्लीप_टेक्निशियन_नागपूर:

ताई, उलटीची तुमची भीती अगदी योग्य आहे, बाकी कोणी त्यावर बोललं नाही म्हणून लिहिते. भाऊंचा मास्क नुसत्या नाकावरचा आहे का नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, हे आधी पाहा. नाकावरचा असला तर तोंड मोकळं असतं, तुलनेनं काळजी कमी. पण फुल फेस मास्क असला आणि झोपेत उलटी झाली तर ती परत श्वासनलिकेत जाऊ शकते, मशीन हवा ढकलतच असते. म्हणून मळमळ सुरू झाली की मास्क काढून बसून राहायचं, पोट शांत होईपर्यंत परत लावायचा नाही. एक हातानं क्लिप काढून मास्क सोडवायची प्रॅक्टिस घरी अंधारात पाच-सहा वेळा करून घ्या, तुम्हीपण करा.

बोट लागू नये म्हणून आपल्याकडे लोक मेडिकलमधून गोळी आणून सरळ खातात. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. गुंगीनं घशाचे स्नायू अजून सैल पडतात आणि अ‍ॅप्निया वाढतो. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच गोळी ठरवा. दारूचंही तेच आहे, क्रूझवर ती समोर असते, झोपायच्या आधी तर अजिबात नको.

पाण्याचं टेन्शन फार घेऊ नका. मेडिकलमधून सीलबंद डिस्टिल्ड वॉटरची बाटली घ्या, बॅटरीच्या दुकानातलं सुटं पाणी नको. आणि संपलंच तर चार-पाच रात्री बाटलीबंद पिण्याचं पाणी चालते, फार तर टाकीत पांढरा क्षार बसेल, घरी येऊन व्हिनेगरच्या पाण्यानं साफ करा. टाकी रोज सकाळी रिकामी करून वाळवायची, तेच पाणी दुसऱ्या रात्री वापरायचं नाही.

गाडीचं मात्र मी नाहीच म्हणेन. एसी डब्यातला प्लग ११० व्होल्टचा, मोबाईल-लॅपटॉपसाठी असतो, बरेचदा ढिला, आणि रात्री बंदही करतात. मशीनची बॅटरी मिळते पण पाच दिवसांसाठी तेवढा खर्च कशाला. घ्यायचीच झाली तर विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची परवानगीशिवाय चालते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, आणि ती केबिन बॅगेतच न्यायची. माझं ऐकाल तर दिवसाचं विमान घ्या.


वर्धा_रोड_वाला:

रामदासपेठच्या ताई, तुमचं वाचून रात्री खूप वेळ विचार केला. मी माझे शब्द मागं घेतो. माझी बायको दोन वर्षांपासून म्हणून राहिली आहे की तुम्ही झोपेत मधेच श्वास थांबवता आणि मी तिला उडवून लावत होतो. मीपण रोज बुटीबोरीपर्यंत गाडी चालवतो. ही टेस्ट करायची तर कोणाकडे जायचं, कान-नाक-घसावाल्यांकडे का छातीच्या डॉक्टरांकडे?


स्लीप_टेक्निशियन_नागपूर:

दादा, दोघांपैकी कोणाकडेही चालेल, स्लीप टेस्ट कुठं होते तेवढं आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी घरी नेऊन लावायची टेस्टही मिळते. पण जाताना वहिनींना सोबत न्या. तुम्हाला रात्रीचं काही माहीत नसते, सगळं त्यांनाच माहीत आहे. आणि टेस्ट होईपर्यंत झोप येत असली तर गाडी बाजूला लावा.


खामल्याची_ताई:

सगळ्यांना उशिरा उत्तर देत आहे, माफ करा. आम्ही जाऊन आलो. मशीन घेऊन.

तुमची सगळी उत्तरं मी ह्यांना वाचून दाखवली, ते काही बोलले नाहीत, पण समृद्धीचा प्रसंग ऐकल्यावर उठून गेले आणि थोड्या वेळानं कपाटावरून मशीनची बॅग स्वतःच खाली काढून ठेवली. जावयाला मी आधीच फोन करून सांगितलं होतं. तो म्हणाला आई, माझे काका पण लावतात. एवढ्या दिवसांची लाज एका वाक्यात गेली.

गाडी रद्द केली, आदल्या दिवशी दुपारच्या विमानानं मुंबई आणि रात्री ठाण्याला जावेकडे मुक्काम. सोनेगावला विमानतळावर चेकिंगमध्ये मशीन लॅपटॉपसारखी ट्रेमध्ये काढून ठेवायला लावली, जवानानं पाहूनच विचारलं, सीपॅप आहे ना? माझे वडील लावतात. तेवढंच.

मेल आम्ही तीन आठवडे आधी केला होता, दोनदा आठवण केली तेव्हा उत्तर आलं. वायर केबिनमध्ये आधीपासून ठेवलेली नव्हती, पण प्रिंट दाखवली आणि अर्ध्या तासात आली. प्लग आरशाखालीच होता. जहाजी भाऊंनी सांगितल्यासारखा कन्व्हर्टर प्लग बर्डीवरून घेऊन ठेवला होता, तो लागला. ताटाखाली ठेवायची जी रबरी जाळी असते ती कापून मशीनखाली टाकली, दुसऱ्या रात्री बोट चांगलीच डुलत होती, माझी पाण्याची बाटली पडून घरंगळत गेली पण मशीन जागची हलली नाही.

त्याच रात्री ह्यांना मळमळलं. रात्री एकच्या सुमारास मला क्लिपचा टक असा आवाज आला, पाहिलं तर हे मास्क हातात धरून बसलेले. उलटी झाली नाही. आम्ही दोघं जवळपास तासभर तसेच बसून राहिलो, मग त्यांनी स्वतःच परत लावला. इथं खामल्यात अंधारात बसून केलेली प्रॅक्टिस कामी आली.

लक्षद्वीपला मोठी बोट बाहेरच थांबते, छोट्या होडीत उतरून जावं लागते. सकाळी लवकर उठून हे सगळ्यात पुढे तयार. पाण्यात उभं राहून पायाजवळचे मासे पोरीला दाखवत होते. मशीन लागायच्या आधीच्या दिवाळीत काटोलला गेलो तेव्हा हा माणूस सगळा दिवस गाडीत झोपून होता.


मनीषनगर_६१:

वा ताई, फार बरं वाटलं वाचून. नळीत पाणी नाही ना आलं?


खामल्याची_ताई:

पहिल्या रात्री थोडं आलं भाऊ, ह्युमिडिफायर २ वर होता. मग १ वर केला आणि नळीवर जुन्या स्वेटरची बाही चढवली. ती आयडिया ह्यांचीच. परत आल्यावर इथं पुन्हा ४ वर करावा लागला, पहिल्याच रात्री घसा कोरडा पडला होता.